ओव्हरफ्लोचे मीटर

दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो तेव्हा माझ्याजवळ एकच विद्या होती, आणि खात्याबाहेर तिला कोणी विचारील असे मला कधी वाटले नव्हते. दोन टेलिफोन एक्स्चेंजांच्या मध्ये किती जंक्शने, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या लाइनी, टाकायची, आणि तेवढी टाकली तर गर्दीच्या तासाला शंभरांतले किती कॉल वाया जातील, याचा हिशेब करणे हे माझे काम होते. आम्ही त्याला ‘ट्रॅफिक’ म्हणत असू, आणि त्यामुळे सासुरवाडीच्या मंडळींना बरीच वर्षे माझा वाहतूक पोलिसांशी काही संबंध आहे असे वाटत असे.

इंदुरात रामबागेत आमच्या शेजारी वाढलेली एक मुलगी आज मनोविकारतज्ज्ञ आहे. एका धर्मादाय न्यासाच्या दवाखान्यात ती आठवड्यातून तीन सकाळी रुग्ण तपासते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती जुन्या रजिस्टरांच्या छायाप्रती घेऊन घरी आली. नावांचा रकाना तिने आधीच झाकून घेतलेला होता. “काका, तुम्ही आकड्यांतले. पुढच्या वर्षी आम्हांला किती डॉक्टर लागतील आणि किती दिवस दवाखाना उघडा ठेवावा लागेल, एवढे यातून काढून द्याल का? विश्वस्तांना आकडा हवा आहे.” मी म्हणालो, “ठेवून जा, आठ दिवसांत देतो.” त्या आठ दिवसांना आता दोन वर्षे होत आली. त्या काळात मला जे उमगले ते लिहून ठेवावे म्हणून हा लेख. रजिस्टरांतला एकही आकडा मात्र इथे येणार नाही, कारण तो माझा नाही. जिथे हिशेब दाखवायचा आहे तिथे मी सोयीचे गोल आकडे घेतले आहेत आणि तसे म्हटले आहे.

पहिला प्रयत्न कोणीही करील तसाच केला. दर महिन्याची रुग्णसंख्या मांडली, तिच्यातून रेषा काढली आणि ती पुढच्या वर्षात वाढवली. रेषा जवळजवळ सपाट आली. विश्वस्तांना हे आवडले असते, कारण सपाट रेषेचा अर्थ ‘आहे तेवढे पुरे’ असा होतो. मला मात्र ती रेषा ओळखीची वाटली. सकाळी खिडकीवर ठरावीक संख्येचे टोकन वाटतात आणि ते संपले की खिडकी बंद होते, हे डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता सांगितले तेव्हा ती कुठे पाहिली होती तेही आठवले. जुन्या स्ट्राउजर पद्धतीच्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये एखाद्या मार्गावर दहा जंक्शने असली आणि दहाही सकाळभर भरलेली असली, तर त्या मार्गाचा आलेख असाच सपाट येतो. त्याच्यावरून लोकांना किती बोलायचे आहे हे कळत नाही. आपण तारा किती टाकल्या आहेत तेवढेच कळते. पूर्ण भरलेल्या सेवेची नोंदवही ही त्या सेवेच्या मापाची नोंद असते, गरजेच्या मापाची नव्हे, आणि त्या नोंदवहीतून गरजेचा अंदाज काढायला बसणे म्हणजे तांब्याने पाणी काढून विहिरीत तांब्याभरच पाणी आहे असे म्हणणे.

एक्स्चेंजमध्ये यावर उपाय होता. जंक्शनांच्या प्रत्येक गटाला एक ओव्हरफ्लो मीटर जोडलेले असे. कॉल आला आणि सगळी जंक्शने भरलेली सापडली, की ते मीटर एका अंकाने पुढे सरके. कॉल तर वाया गेलाच, पण तो वाया गेल्याची नोंद राहिली. या मीटरांचे वाचन घेऊन आम्ही नव्या जंक्शनांची मागणी वर पाठवत असू. दवाखान्याला असे मीटर नसते. टोकन न मिळालेला माणूस परत जातो आणि त्याचा कागदावर कुठेही ठिपका उमटत नाही.

या हिशेबाचा मूळपुरुष डेन्मार्कचा आग्नर क्रारूप एरलांग. तो १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला, १९०९ साली त्याने टेलिफोनच्या कॉलना संभाव्यतेचे गणित कसे लागू पडते हे दाखवले, आणि १९१७ साली ती सूत्रे दिली जी आम्ही कोष्टकांच्या रूपात टेबलाच्या काचेखाली ठेवत असू. पुढे १९४६ साली ट्रॅफिकच्या एककालाच त्याचे नाव मिळाले. त्याच्या दोन सूत्रांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. एका सूत्रात लाइन मोकळी नसली की कॉल नाहीसा होतो, दुसऱ्यात तो रांगेत थांबतो. दवाखाना म्हटले की आपण दुसरे सूत्र लावतो, कारण तिथे बाक असतात आणि बाकांवर माणसे बसलेली दिसतात. हात मोडलेला माणूस थांबतोच, त्याला दुसरा मार्ग नसतो. पण ज्याला तीन महिन्यांपासून सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला भावाने कसेबसे रिक्षात घालून आणले आहे, आणि त्याला दोन तास थांबायला सांगितले, तर तो ‘राहू दे’ म्हणून निघून जातो. जिला गर्दीत छातीत धडधडते, ती गर्दीत बसून धडधडीवरचे औषध कसे घेणार? ज्याला आजूबाजूचे लोक आपल्याविषयीच कुजबुजत आहेत असे वाटते, त्याला आपण चाळीस अनोळखी माणसांत बसवतो. थांबण्याची ताकद आधी जाते, अशी ही दुखणी आहेत. म्हणून माझे मत असे झाले की मानसिक आरोग्याच्या सेवेला बाक असले तरी हिशेब वाया जाणाऱ्या कॉलचाच लावला पाहिजे.

आता जरा पाटीवरचे गणित. समजा, एका डॉक्टरांचा दवाखाना आठवड्यातून तीन दिवस, रोज चार तास चालतो. म्हणजे आठवड्याला ७२० मिनिटे. नव्या रुग्णाला ३० मिनिटे लागतात आणि फेरतपासणीला ६. सहा मिनिटे कमी वाटत असतील तर वाचकांनी एकदा सरकारी दवाखान्यात घड्याळ लावून बसावे. आठवड्याला ८ नवे रुग्ण घेतले तर २४० मिनिटे गेली, उरली ४८०, म्हणजे ८० फेरतपासण्या. प्रत्येकाला चार आठवड्यांनी बोलवायचे म्हटले तर हा दवाखाना एकूण ३२० रुग्ण सांभाळू शकतो. दर आठवड्याला ८ याप्रमाणे ३२० रुग्ण ४० आठवड्यांत होतात. पाडव्याला उघडलेला दवाखाना पौषात भरतो, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णासाठी कोणत्या तरी जुन्याला जागा रिकामी करावी लागते.

नव्या सेवेचे उद्घाटन करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण पहिले सहा महिने सगळे छान चाललेले असते. ताप आलेला माणूस एकदा येतो. मनाचा आजार घेऊन आलेला माणूस म्हणजे पुढच्या कित्येक भेटींचा धनादेश असतो, आणि तो धनादेश वटण्याची तारीख उद्घाटनानंतर बरीच पुढे असते.

अर्थात रुग्ण बरेही होतात, गाव सोडतात, दुसरीकडे जातात. तेव्हा पुढचा प्रश्न असा की एक रुग्ण सरासरीने किती काळ उपचारात राहतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे, आणि तो इतका साधा आहे की मला पहिल्यांदा वाचताना फसवणूक वाटली होती: आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. आठवड्याला ८ नवे आणि सरासरी मुक्काम ५२ आठवडे, तर चालू रुग्ण ४१६. त्यांच्या आठवड्याला १०४ फेरतपासण्या, म्हणजे ६२४ मिनिटे, आणि नव्यांची २४० मिळून ८६४. आपल्याजवळ आहेत ७२०. हा दवाखाना चालूच शकत नाही. यांतल्या निम्म्या स्थिर रुग्णांना दोन महिन्यांची औषधे देऊन आठ आठवड्यांनी बोलावले, तर ७०८ मिनिटे लागतात. बसते, पण काठोकाठ.

आणि काठोकाठ भरलेली सेवा कागदावर कार्यक्षम दिसली तरी रांगेच्या गणितात तिचे काय होते, हे जाणकारांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सगळ्यांत साध्या गणिती नमुन्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, डॉक्टरांचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर सरासरी ताटकळणे एका तपासणीच्या चौपट असते. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. दवाखाना दुपारी बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे असेच्या असे लागत नाहीत, पण चढ असाच असतो. शेवटच्या पाच टक्क्यांत जे वाचवले असे वाटते ते बाकांवरच्या माणसांकडून वसूल होते. त्यातून धारची आणि देपालपूरची बस एकदमच पंधरा-वीस जण उतरवते, म्हणजे येणेही सलग नसून लोंढ्याने होते. विश्वस्तांपैकी एकांनी मला विचारले होते, “डॉक्टर मध्ये दहा मिनिटे रिकामे बसलेले दिसतात, ते कसे?” मी त्यांना सांगितले की ती दहा मिनिटे रिकामी नसतील तर तुमच्या पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा राहणार नाही. त्यांना ते पटले असे वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. न्यासाच्या दवाखान्याची परिस्थिती साधारण वर मांडली तशीच होती, हिशेबाने तो कधीच बंद पडायला हवा होता, आणि तरी तो चालू होता. का, हे शोधायला मला चार महिने लागले. वरच्याच उदाहरणात मुक्काम ५२ आठवड्यांऐवजी ३० धरून पाहा: चालू रुग्ण २४०, फेरतपासण्या ६०, एकूण ६०० मिनिटे, ८३ टक्के. सगळे सुरळीत. म्हणजे दवाखाना चालतो तो रुग्ण गळतात म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर जे परत आलेच नाहीत, त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेवर बाकीच्यांची रांग सरकते आहे. आणि माझ्यासारखा कोणी जेव्हा मागच्या वर्षांच्या नोंदींवरून ‘सरासरी मुक्काम ३० आठवडे’ असा आकडा काढून आपल्या नमुन्यात घालतो, तेव्हा ती गळती नियोजनाचा भाग होऊन बसते. पुढच्या वर्षीसुद्धा इतके लोक अर्ध्यावर उपचार सोडतील, असे गृहीत धरूनच डॉक्टरांची संख्या ठरते. कोणी तसे म्हटलेले नसते. सूत्रातल्या एका अक्षराने म्हटलेले असते.

माझ्या एका मामांचा जुना कागद अजून माझ्या कपाटात आहे. देवासहून त्यांना आम्ही एका दवाखान्यात आणत असू. कागदावर तीन तारखा आहेत, चौथी नाही. चौथ्या वेळी बस चुकली, पाचव्या वेळी ते यायला तयार नव्हते, आणि नंतर विषय निघेनासा झाला. त्या दवाखान्याच्या वार्षिक तक्त्यात तेव्हा ‘सुधारणा झाल्याने आले नाहीत’ अशा अर्थाचा एक रकाना होता, असे मला खूप वर्षांनी कळले. मामांची गणना कुठे झाली असेल हे मी विचारले नाही.

म्हणून मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, “मला आधी तुझ्या खिडकीवर एक मीटर बसवायचे आहे.” मीटर म्हणजे दोनशे पानी वही. टोकन संपल्यावर जो येईल त्याची एक उभी रेघ, सोबत गाव आणि पहिल्यांदा आला की पुन्हा, एवढेच, नाव नाही. खिडकीवरचे गृहस्थ माळव्यातले, स्वभावाने सालस, कामाला चोख. महिन्याभराने वही पाहिली तर रेघा अगदीच थोड्या. मी खूश होणार तेवढ्यात शेजारी बसून एक सकाळ पाहावी असे सुचले. तेव्हा कळले की जो वाद घालेल, ‘इतक्या लांबून आलो’ म्हणून आवाज चढवील, त्याचीच रेघ वहीत पडत होती. जे बंद खिडकी दुरून पाहून पायरीवरूनच वळत होते त्यांची नाही. आणि आपल्या विषयात पायरीवरून वळणारेच अधिक. मग वही दारावरच्या चौकीदाराकडे गेली. त्यांनी रेघांऐवजी हरभऱ्याचे दाणे डब्यात टाकण्याची पद्धत काढली, जी वहीपेक्षा कितीतरी चांगली चालली. गावाचे नाव मात्र दाण्याबरोबर जाईना, तेव्हा गंगवाल बस स्थानकाकडून आलेल्यांचे दाणे वेगळे आणि सरवटे बस स्थानकाकडून आलेल्यांचे वेगळे, अशी तडजोड झाली.

या मीटरलाही मर्यादा आहे. ते दारापर्यंत आलेल्यांनाच मोजते. जो निघालाच नाही त्याचे काय?

अंतराचा हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड जार्व्हिस नावाच्या डॉक्टरांनी १८५० च्या सुमारास मनोरुग्णालयात कोणत्या भागांतून किती रुग्ण येतात हे मोजले, आणि रुग्णालयाला जवळच्या भागांतून लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ अधिक तर लांबच्या भागांतून कमी रुग्ण येतात असे दाखवले. लांबच्या गावी वेड कमी असते असा याचा अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. दीडशेहून अधिक वर्षांनी आमच्या रजिस्टरांत मला हेच शोधायचे होते, आणि सुरुवातीला ते मुळीच सापडले नाही. पत्त्याच्या रकान्यात जिकडेतिकडे ‘इंदूर’. झाबुआ-अलीराजपूरहून आलेला माणूस इथे ज्याच्याकडे उतरला त्या नातेवाइकाचा पत्ता सांगतो, आणि कित्येकांना गावाचे नाव कागदावर यायलाच नको असते. पत्त्याच्या रकान्यावर विश्वास ठेवून एखाद्याने नकाशा काढला असता तर निमाड आणि भिल्ल प्रदेश मनाने ठणठणीत आहेत, आणि सगळा आजार राजवाड्याभोवती गोळा झाला आहे, असा निष्कर्ष निघाला असता. ‘आज किती वाजता घरून निघालात?’ हा एक प्रश्न अर्जात वाढवला आणि अंतर आपोआप समोर आले. वेळ लपवावीशी कोणाला वाटत नाही.

लगेच दुसरे एक दिसले, जे मला आधी सुचायला हवे होते. महिनावार सरासरी घेतली की ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही खोटे बोलतात, कारण दिवाळी कधी इकडे येते तर कधी तिकडे. सोयाबीनची काढणी चालू असते तेव्हा गावाकडचे कोणी येत नाही, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी शहरातलेही नाही, आणि ज्या गावचा ज्या दिवशी हाट त्या गावचे त्या दिवशी नाहीत. तेव्हा इंग्रजी महिन्यांचा नाद सोडून दिवाळीपासूनचे अंतर, काढणी आणि हाटाचा वार यांवर येणे बसवले, तर अंदाज एकदम सुधारला. पंचांगाचा असा उपयोग माझ्या आजोबांना आवडला असता.

नोंदवहीच्या बाहेरून गरज मोजायची तर लोकसंख्येकडे जावे लागते. त्यासाठी आपल्याकडे २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बारा राज्यांत ते केले, आणि त्यांत मध्य प्रदेश होता. घरोघरी जाऊन विचारलेले असल्यामुळे दवाखान्याच्या खिडकीचा त्याला संसर्ग नाही. त्यात देशभरातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. मध्य प्रदेशात हे प्रमाण १३.९ टक्के निघाले. गंभीर विकार देशात ०.८ टक्के, आणि त्यांतल्याही सुमारे ७४ टक्क्यांना उपचार मिळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञ लाख लोकसंख्येमागे केरळात १.२ होते आणि आमच्या राज्यात ०.०५. त्या यादीत सर्वांत खाली आम्हीच होतो.

हे जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या ३२.७६ लाख होती. आज ती बरीच वाढली आहे, पण हाती आहे तोच आकडा धरू. त्यात प्रौढ ढोबळमानाने वीस लाख म्हटले, तर गंभीर विकाराचे सोळा हजार. प्रत्येकाला चार आठवड्यांनी सहा मिनिटे, म्हणजे वर्षाला सुमारे २०,८०० तास. वर्षाचे अडीचशे दिवस, रोज चार तास रुग्ण पाहणारे एकवीस डॉक्टर केवळ एवढ्याच कामाला हवेत. नैराश्य, दारू, मुले, म्हातारपणचा विसराळूपणा यांत कुठेच आलेले नाही. राज्याच्या त्या सरासरीने ३२.७६ लाखांच्या वाट्याला दोनसुद्धा पूर्ण येत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहराला राज्याची सरासरी लागू होत नाही हे खरे, पण म्हणूनच बाकी जिल्ह्यांच्या वाट्याला सरासरीहूनही कमी येतात. हा हिशेब पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, हा आकडा विश्वस्तांना दाखवू नका, ते दवाखानाच बंद करतील.” त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण या आकड्याचे काम एकवीस डॉक्टर मागणे हे नाहीच. सहा मिनिटांची कोणती भेट मनोविकारतज्ज्ञाकडेच व्हायला हवी आणि कोणती सांवेरच्या किंवा महूच्या आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टरांकडे होऊ शकते, हा प्रश्न त्याने पुढे येतो. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात १९८० च्या दशकात हेच करून पाहिले होते, आणि १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा आहे.

सरासरीचा धोका इंग्लंडनेही पाहिला. तिथे मनोविकृतीच्या पहिल्याच झटक्यात रुग्णाला गाठणाऱ्या सेवा उभ्या करताना वर्षाला लाखामागे पंधरा नवे रुग्ण असा एकच आकडा सर्वत्र धरला गेला होता. जेम्स कर्कब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली वय, स्त्री-पुरुष, वांशिक गट, गरिबी आणि वस्तीची दाटी यांवरून प्रत्येक भागासाठी वेगळा अंदाज देणारा नमुना मांडला. त्यातून दिसले ते असे की तो एक आकडा दाट शहरी भागांना अपुरा पडतो आणि ग्रामीण भागांत गरजेहून जास्त होतो. आपल्याकडे असा नमुना बांधायला लागणारी माहिती नाही. पण ‘जिल्ह्यामागे एक’ हा आपला आवडता सरकारी नियम किती आंधळा आहे ते कळायला तेवढे पुरे आहे.

मधल्या काळात एका उत्साही तरुणाने सुचवले की एवढी माहिती आहे तर कोणता रुग्ण जिवाचे बरेवाईट करील हेच संगणकाला विचारावे. मी त्याला कागदावर दाखवले. २०२१ साली देशात आत्महत्येचा दर लाखामागे १२ होता. समजा, एक यंत्र असे आहे की ते खऱ्या धोक्यातल्या शंभरांपैकी नव्वदांना ओळखते आणि धोका नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांना सोडून देते. असे यंत्र आज कोणाकडे नाही. लाख लोकांत ते अकरा जणांना बरोबर ओळखील आणि त्यांच्याबरोबर दहा हजार इतरांवर बोट ठेवील. दवाखान्यात येणाऱ्यांत धोका यापेक्षा जास्त असतो, तरी दुर्मीळ गोष्टीचे गणित असेच चालते. पुढच्या मंगळवारी किती जण येतील हे सांगणे वेगळे, आणि त्यांतला अमुक एक जण काय करील हे सांगणे वेगळे. पहिले माझ्या विद्येत बसते. दुसऱ्यासाठी डॉक्टरांना ती तीस मिनिटे मोकळी करून देणे एवढेच आम्ही करू शकतो.

एक चूक माझी स्वतःची. निघण्याच्या वेळांवरून गावे ओळखून मी एक सुंदर नकाशा केला होता, प्रत्येक रुग्णाला एक ठिपका. विश्वस्तांच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तो पाहून डॉक्टरीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका पाड्यावरच्या एकाच ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथून माझ्याकडे एकच मुलगी येते, काका. त्या पाड्यावरच्या कोणीही हा नकाशा पाहिला तर त्याला ती कोण ते कळेल.” नाव झाकले की माणूस झाकला जातो, अशी माझी समजूत होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे हे मी वाचलेले होते. तो हक्क एका ठिपक्याने मोडू शकतो हे वाचलेले नव्हते. नकाशा फाडला. आता तालुक्याहून लहान काही दाखवत नाही आणि पाचपेक्षा कमी आकडा कुठल्याही चौकटीत छापत नाही.

विश्वस्तांना शेवटी मी तीन गोष्टी दिल्या. स्थिर रुग्णांना दोन महिन्यांची औषधे द्यावीत. महिन्यातला एक शनिवार दवाखाना देपालपूरला न्यावा. आणि दर आठवड्याला एक माणूस दोन तास बसवून, ठरलेल्या तारखेला न आलेल्यांना फोन करावा. तिसऱ्या गोष्टीवर मी त्यांना बजावले की ती यशस्वी झाली तर रांग वाढेल, कारण गळणारे टिकतील, मुक्काम तीसवरून बावन्नकडे सरकेल, आणि वर्षाअखेरीस दवाखान्याचा तक्ता आधीपेक्षा वाईट दिसेल. तेव्हा चौथा दिवस आजच मंजूर करून ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. फोनचे काम ‘सध्या स्वयंसेवकाकडून’ असे ठरले, म्हणजे ते माझ्याकडे आले. चौथ्या दिवसावर पुढच्या बैठकीत विचार व्हायचा आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, आणि फोनवर आलेल्यांना मी तो क्रमांकही देतो. जुन्या सवयीने तिच्या बातम्या वाचताना मी एकच आकडा शोधत असतो: किती कॉल घेतले हा नव्हे, तर कोणी उचलण्याआधी किती जणांनी ठेवून दिले हा.

देपालपूरचा पहिला शनिवार झाला. पुष्कळ लोक आले, आणि ते इंदूरला येणारेच जवळ आले की आजवर न निघालेले निघाले हे मला अजून सांगता येत नाही. चौकीदारांनी दिलेला हरभऱ्याचा डबा मी तिकडेही घेऊन गेलो होतो, पण तिथे टोकन संपण्याची वेळ आली नाही आणि डबा रिकामाच परत आला. पुढच्या खेपेला दोन डबे नेणार आहे, एक पूर्वी कधीच कोणत्या डॉक्टरांकडे न गेलेल्यांसाठी.